रायफलला तेल कमी

लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं "आपण काय करता?" विचारलं आणि मी "बंदुका दुरुस्त करतो" म्हटलं, की तो आपली खुर्ची बोटभर पलीकडे सरकवतो. मग श्रीखंडाचं बोट चाटत विचारतो, "म्हणजे... सरकारी?" सरकारी नाही म्हटलं की आणखी बोटभर. म्हणून आमच्या मीनानं, म्हणजे बायकोनं, लग्न झाल्यापासून एक वाक्य पाठ करून ठेवलंय, "हे मशीनचं काम बघतात." परिणाम असा की नातेवाईक शिवणयंत्रं आणून देतात. तीही मी दुरुस्त करतो. खरं सांगायचं तर शिवणयंत्रच जास्त धोक्याचं. माझ्या अंगठ्यातून आरपार गेली ती त्याची सुई. बंदुकीनं मला आजवर फक्त काळं केलंय.

महाराणा प्रताप नगरात एका परवानाधारक दुकानाच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे आणि रविवारी मी गावाबाहेरच्या एका रायफल क्लबात बसतो. राजधानी हलली तेव्हा आजोबा नागपूरहून सचिवालयाच्या फायलींबरोबर भोपाळला आले, वडीलही फायलींतच रमले. नखं काळी असलेला घराण्यातला मी पहिला. जन्म इथला, त्यामुळे माझं मराठी असं, की पुण्याची मावसबहीण म्हणते, "दादा, तू बोलतोस छान, पण मधूनमधून मराठीही बोलत जा."

दुकानात येतात त्या बहुतेक शेतावरच्या आणि बँकेच्या पहारेकऱ्यांच्या बाराबोर बंदुका. त्या सरळ स्वभावाच्या. मोडल्या की मोडल्या, दिसतं. मला ओढ आहे ती टू-टूच्या, म्हणजे पॉइंट बावीस बोअरच्या, सेमी-ऑटोमॅटिक रायफलची. ती मोडत नाही. ती रुसते.

ज्यांनी बंदूक फक्त शोभायात्रेत पाहिली त्यांच्यासाठी सांगतो. टू-टूचं काडतूस करंगळीच्या पेराएवढं. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध टिकली असते, तिच्यावर ठोका बसतो. ह्या चिमुकल्यात पेटणारा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो. काठावर ठोका बसला की गोळी पुढे जाते, आणि त्याच धक्क्यानं बोल्ट नावाचा लोखंडी ठोकळा मागे येतो. मागे येताना तो रिकामी पुंगळी बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुढे ढकलते, आणि पुढे जाताजाता तो मॅगझिनमधलं, म्हणजे खालच्या पत्र्याच्या डबीतलं, वरचं काडतूस नळीच्या तोंडात सारतो. सगळं पापणी लवायच्या आत. तुम्ही फक्त परत चाप ओढायचा.

आता हा सगळा संसार चालतो कशावर, तर त्या पेराएवढ्या काडतुसाच्या धक्क्यावर. वर ते काडतूसही स्वच्छतेच्या बाबतीत आमच्या भाच्यासारखं. जिथून जाईल तिथे काजळी, मेण आणि शिशाचा चुरा सांडून जाणार. म्हणून टू-टू अडते. कधी नवं काडतूस आत शिरत नाही, नाक वर करून बसतं. कधी जुनी पुंगळी बाहेर पडत नाही. आणि कधी ती अर्धी बाहेर येऊन खिडकीतच उभी राहते, संध्याकाळी बाल्कनीत चहा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखी. बोल्ट मागे ताटकळतो.

आमच्या धंद्यात पहिलं काम एकच. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, मॅगझिन काढून बाजूला, आणि आत काही राहिलेलं नाही हे डोळ्यांनी आणि बोटानं बघायचं. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी मॅगझिन, कारण निम्मे रुसवे तिथलेच. त्याच्या पत्र्याचे ओठ जरा फाकले की काडतूस वाकडं वर येतं. मग काडतुसांची कंपनी बदलून बघायची. मग सफाई. कानस सर्वांत शेवटी, आणि शक्यतो नाहीच. चार गोष्टी एकदम बदलल्या तर रायफल चालेल, पण का चालली ते कळणार नाही. मीना म्हणते, हेच तिला तिच्या आईनं सासरी पाठवताना सांगितलं होतं.

वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांची रायफल सकाळी अडायची आणि दुपारी चालायची. दुकानात ते दुपारी यायचे, त्यामुळे माझ्यासमोर ती साक्षात गाय. मी बरेच तर्क लढवले. एकदा तर सकाळचं ऊन साहेबांच्या डोळ्यांवर येत असावं असंही म्हणालो. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती बहुधा जंगलात चोरटे लाकूडतोडे दिसल्यावर वापरायची असावी. शेवटी जानेवारीतल्या एका कडाक्याच्या सकाळी त्यांनी मला क्लबाच्या नेमबाजीच्या रेंजवर नेलं. बोल्ट मागे ओढला, सोडला, आणि तो आपला सावकाश, जत्रेतून परतणाऱ्या बैलासारखा पुढे निघाला. मी आत बोट फिरवलं, वास घेतला, आणि मला एकदम माझी लहानपणची आंघोळ आठवली. खोबरेल! थंडीत गोठलेलं, दुपारी उन्हानं पातळ होणारं. साहेब म्हणाले, "आमच्या आई सगळ्याला हेच लावतात."

तेव्हापासून मी तेलाकडे संशयानं बघतो. तरीही सबनीस काकांच्या रायफलीनं मला जवळजवळ पावसाळाभर फसवलं.

सबनीस काका रायसेन रोडवरच्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. आयुष्यभर टर्बाइनं जुळवली, आता शाहपुऱ्यात तळ्याजवळ राहतात. त्यांची रायफल परदेशी, तरुणपणी घेतलेली, अक्रोडाच्या दस्त्यावर त्यांच्या गालाची जागा गुळगुळीत झालेली. रविवारी सकाळी ते रेंजवर यायचे, एक मॅगझिन मारायचे, मग दोन जुन्या सहकाऱ्यांबरोबर पोहे-जलेबी. हल्ली सहकारी राहिले नव्हते. एक गेले, एक मुलाकडे पुण्याला गेले. काका एकटेच यायचे. पोहे-जलेबी माझ्याबरोबर खायचे.

"दिघे, ही अडतेय," ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी हसलो. मॅगझिनचे ओठ बघितले, जरा फाकले होते, सरळ केले. स्वतः मारून पाहिली. चालली. काका खूश. थोड्या दिवसांत परत आले. "परत तेच."

मी उघडली. आत तेल.

"काका, तेल फार झालंय. तेलात काजळी बसते, तिची खीर होते, बोल्ट चिकटतो. तेल कमी ठेवा."

"बरं. तेल कमी," काका म्हणाले.

मी पुसून दिली. चालली. पुढच्या खेपेला उघडली तर तेल आधीपेक्षा जास्त. मी परत सांगितलं, जरा जोर देऊन. त्याच्या पुढच्या खेपेला बोल्ट काढताच तेलाचा ओघळ माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

"काका, सफाई कोण करतं?"

"मीच. दुसरं कोण हात लावणार?" ते इतक्या तुटकपणे म्हणाले की मी फडकं उचलून पुसायला लागलो. आणि माझी अडचण समजून घ्या. ह्या माणसानं मिलिमीटरचा हजारावा भाग मोजत आयुष्य काढलेलं. तेल कमी सांगितल्यावर ते जास्त घालतील हे माझ्या डोक्यात बसेना. म्हणजे दोष दुसरीकडे असणार, असं मी धरून चाललो. काडतुसं बदलली. स्प्रिंग बदलली. पुंगळी ओढून काढणारी नखी बदलली. तेल नळीतून मागे झिरपत असेल का, असा एक तर्कही लढवला, जो मी इथे लिहितोय तो केवळ तुम्ही मला फार हुशार समजू नये म्हणून. घरी जेवतानाही डोक्यात तेच. मीना म्हणाली, "तुमच्या डोळ्यांपुढे आत्ता जी बाई आहे तिचं नाव काय?" मी म्हटलं, "सेमी-ऑटोमॅटिक." ती दोन दिवस बोलली नाही.

मग एका रविवारी रायफल तिसऱ्याच गोळीला अडली. काका पुंगळी उपटून काढायला गेले, पण बोटं नीट पकडेनात. त्यांनी हात खिशात घातला आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या दुकानाच्या मालकांना सांगून ठेवलंय. गिऱ्हाईक बघा म्हणून. पुढच्या रविवारी अडली तर देऊन टाकणार."

"अहो, दोष रायफलीत आहे, सापडेल."

"दिघे, हिला माझे हात नकोसे झालेत. दोष सापडतोय का तुम्हाला? नाही ना? मग तो हातातच असणार."

दोष सापडत नव्हता हे खरंच होतं. रायफल गेली की रविवार गेला, आणि रविवार गेला की काका घराबाहेर कशासाठी पडतील, हेही मला दिसत होतं.

त्याच आठवड्यात सबनीस काकूंनी मला आणि मीनाला जेवायला बोलावलं. काकू नागपूरच्या, त्यामुळे झुणका-भाकरीचा बेत. वाढायला सून, श्वेता. विदिशेची मुलगी, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. नवरा कंपनीच्या कामावर पुण्याला, ही इथे एका कोचिंग क्लासात गणित शिकवायची आणि घरात हट्टानं मराठी बोलायची. "काका, अजून घ्या ना! काकू, तुम्ही काहीच नाही घेतलं!" असा आम्हा दोघांना आग्रह करायची, चुकलं की स्वतःच हसायची.

झुणक्यावर तेल असं तरंगत होतं की त्यात पंख्याचं प्रतिबिंब दिसत होतं. काकांना डॉक्टरांनी तेल बंद केलेलं. काकूंनी मीनाकडे बघून खोल श्वास घेतला आणि सुनेला अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "श्वेता, तेल कमी हं."

"हो आई, सॉरी!" श्वेता लगबगीनं आत गेली, तेलाची वाटी घेऊन आली, आणि काकांच्या झुणक्यावर तिनं चांगली पळीभर धार धरली.

काकूंनी डोळे मिटले. मीनाकडे झुकून त्या पुटपुटल्या, "रोज सांगते गं. रोज 'हो आई' म्हणते. मुलगी इतकी गुणी, पण हे एवढं एक ऐकत नाही. माझ्यावर राग आहे की काय, कोण जाणे."

मीना शाळेत हिंदी शिकवते. तिनं घास तोंडाशी थांबवला, श्वेताकडे बघितलं आणि हिंदीत विचारलं, "श्वेता, आई ने अभी क्या कहा?"

"तेल कमी," श्वेता म्हणाली. "मतलब तेल की कमी है. तो मैंने और डाल दिया. कम पड़ गया क्या?"

मग काकू हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "अगं बाई! मराठीत कमी म्हणजे कम गं! थोडं! आणि मी आपली म्हणतेय, ही माझा सूड घेतेय!"

"हाय राम!" श्वेतानं वाटी मागे लपवली. "इतने महीनों से मैं बाबा को... और मैं सोचती थी, आई को तेल बहुत पसंद है!"

सगळे हसत होते. मी हसत नव्हतो. माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलेला तो ओघळ मला परत जाणवला. आणि विचार न करता मी विचारून बसलो, "श्वेता, रायफलीला तेल कोण घालतं?"

"मैं ही तो! बाबा सामने बैठकर बताते हैं. हर बार बोलते हैं, तेल कमी, तेल कमी. मैं हर बार पहले से ज़्यादा डालती हूँ. सोचा पुरानी चीज़ है, पीती होगी. बाबा के हाथ अब..."

काका ताटाकडे बघत होते.

"बसतात समोर, पण तोंड गॅलरीकडे," काकू हळूच म्हणाल्या. "दुसऱ्यानं हात लावलेला बघवत नाही त्यांना."

मी पटकन म्हटलं, "काकू, भाकरी वाढा." मला काहीच ऐकू आलेलं नाही असं मला दाखवायचं होतं. पण मी नाटकात नेहमी भाला धरून उभा राहणारा माणूस. काकांना सगळं कळलं. जेवण झाल्यावर त्यांनी कपाट उघडून रायफल माझ्या स्वाधीन केली आणि एवढंच म्हणाले, "रविवारी बघू."

दुकानात मी ती पार सुटी केली. बोल्टच्या मागे, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत, मॅगझिनच्या तळाशी काळं लोणी साचलं होतं. इतक्या महिन्यांचं आज्ञापालन. सगळं पुसून कोरडं केलं आणि जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे फक्त काडीच्या टोकानं तेलाचा ठिपका लावला. चालवून पाहिली. एकदाही अडली नाही. मालकांचा निरोप आला की गिऱ्हाईक तयार आहे. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबा.

रविवारी काका आले ते श्वेताला घेऊन. काकूंनीच तिला बरोबर पाठवलं असावं. मी म्हटलं, "काका, आता बघा." मोठ्या तोऱ्यात म्हटलं. काकांनी मॅगझिन बसवलं, बोल्ट ओढला, चाप दाबला. नुसतीच टिक. काडतूस अर्ध्यात अडकलं होतं.

"झालं," काका म्हणाले. "करा फोन."

रायफल घेतली, मॅगझिन काढलं, काडतूस बाहेर काढलं. कोरडी ठणठणीत. मला काही सुचेना, म्हणून म्हटलं, "काका, एकदा परत करा. मी फक्त बघतो." आणि ह्या वेळी मी रायफलीकडे बघितलंच नाही. त्यांच्या हाताकडे बघितलं.

त्यांनी बोल्ट मागे ओढला, आणि मग तो सोडला नाही. मुठीत धरून, अलगद, झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लावावं तसा पुढे नेऊन ठेवला.

"काका, असं का करता?"

"आदळतो ना तो. इतकी जुनी आहे. उगाच कशाला आदळू द्यायचं? मी तर नेहमीच हातानं नेतो."

"पूर्वी नेत होता तेव्हा तुमच्या हातात जोर होता, तुम्ही तो शेवटपर्यंत दाबत होता. आता तो जोर स्प्रिंगला लावू द्या. मागे ओढायचा आणि सोडून द्यायचा."

"आदळेल."

"आदळू द्या. त्याचं कामच ते आहे."

काकांनी नाखुशीनं बोल्ट मागे ओढला आणि सोडला. खाडकन आवाज झाला. काका दचकले, मग त्यांनी गाल दस्त्यावर टेकवला. एकामागून एक गोळ्या गेल्या. पुंगळ्या उजवीकडे उडत राहिल्या, खिडकीत एकही उभी राहिली नाही. मॅगझिन रिकामं झालं. श्वेतानं टाळ्या वाजवल्या आणि मग रेंजवर टाळ्या वाजवत नाहीत हे आठवून हात मागे घेतले.

मग लक्ष्याचा कागद आणला.

फोडणीत मोहरी उडावी तशी भोकं पडली होती. दोन काळ्या वर्तुळात, बाकीची इथे तिथे, एक तर कागदाच्या अगदी कोपऱ्यात. काकांनी चष्मा वर करून बघितलं, चष्मा लावून बघितलं. ह्या धंद्यात मला कधी नव्हे तो माझ्या कामाचा राग आला. जोवर रायफल अडत होती, तोवर कागदाचं खापर फोडायला ती होती. आता ती बिचारी बरी झाली होती.

"म्हणजे रायफल ठीक आहे," काका म्हणाले.

"आता ठीक आहे."

"हं." कागद त्यांच्या हातात थरथरत होता, आणि ह्या वेळी त्यांनी हात खिशात घातला नाही. "दिघे, बसून, कशावर तरी नळी टेकवून मारलं तर चालतं का तुमच्या क्लबात?"

"वाळूची पिशवी आहे की. ज्येष्ठ लोक मारतात."

"मी ज्येष्ठ आहे का?"

"नाही काका. पण पिशवी रिकामीच पडलीय."

ते हसले. खुर्ची ओढून बसले, पिशवीवर नळी टेकवली, बोल्ट ओढून खाडकन सोडला, आणि दुसरा कागद पहिल्यापेक्षा बराच बरा निघाला. फार छान नव्हे. बरा. तो त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला, पहिला तिथेच टाकला.

"मालकांना सांगा, गिऱ्हाइकाला नाही म्हणा," ते म्हणाले. मग घसा खाकरला. त्यांनी सुनेकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही, समोरच्या मातीच्या बंधाऱ्याकडे बघत बोलले. "आणि एक करा. माझ्यानं आता सफाई होत नाही. हात थरथरतात. सफाई हिला शिकवा. मी बसतो समोर."

मी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, टेबलावर कापड पसरलं, बोल्ट काढून ठेवला. काकांनी आपली खुर्ची टेबलाकडे तोंड करून मांडली. श्वेतानं केस बांधले, बाह्या वर सारल्या, तेलाची बाटली हातात घेतली आणि मला बजावून म्हणाली,

"अंकल, हिंदी में बताइएगा."